जिंकून आल्यावर पुढे काय?

दिवाळीच्या आधी पडद्यांचं कापड आणायला आम्ही मायलेकी उल्हासनगरला गेलो होतो. आम्ही राहतो अंबरनाथला, म्हणजे एका स्टेशनाचं अंतर. कापड, जीन्स, फर्निचर म्हटलं की आमच्या भागातल्या बायकांची पावलं आपोआप उल्हासनगरकडे वळतात. कापड घेऊन झालं आणि माझी आठवीतली लेक कॅम्प चारमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरली ती बाहेरच येईना. अर्ध्या तासाने धुळीने माखलेले हात नाचवत आली. "आई, मिळालं! पण दुसराच भाग मिळाला."

पुस्तकाचं नाव 'कॅचिंग फायर'. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या 'हंगर गेम्स' या तीन पुस्तकांतलं मधलं. पहिला भाग लेकीने मैत्रिणीकडून आणून वाचला होता. दुकानदार पन्नास म्हणाला, मी तीस म्हटलं, चाळीसला जमलं.

त्यानंतरचे चार दिवस लेक जेवतानाही पुस्तक सोडेना. एरवी मोबाइलवरून वाद, आता पुस्तकावरून! शेवटी एका दुपारी ती शाळेत असताना मी ते उघडलं. मुलगी वाचते आहे तरी काय, एवढाच हेतू. मी बी.ए. मराठीची. इंग्रजी पुस्तक सबंध वाचल्याला वीसेक वर्षं झाली असतील. पहिल्या पानावरच कळलं की गोष्ट अर्धी आधीच होऊन गेली आहे. मग संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन बसले आणि लेकीला म्हटलं, "मला पहिला भाग सांग."

मैत्रिणींनो, त्या एका जुडीच्या वेळात तिने जे सांगितलं ते ऐकून माझे हात थांबले. पुढच्या काळातला एक देश, पॅनेम. कॅपिटॉल नावाची श्रीमंत राजधानी आणि तिच्यासाठी राबणारे बारा जिल्हे. पूर्वी जिल्ह्यांनी बंड केलं, त्याची शिक्षा म्हणून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडायची. चोवीस मुलं एका बंदिस्त रानात सोडायची. एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांना मारायचं आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं. बाराव्या, कोळसा खाणींच्या जिल्ह्यातली सोळा वर्षांची कॅटनिस. चिठ्ठी निघते तिच्या धाकट्या बहिणीची, बारा वर्षांच्या प्रिमची. कॅटनिस पुढे होते आणि म्हणते, हिच्याऐवजी मी जाते.

"अगं, ही तर बकासुराची गोष्ट," मी म्हटलं. एकचक्रा नगरीत रोज एका घरातून गाडाभर अन्न आणि एक माणूस जायचं. ज्या घरी कुंती उतरली होती, तिथे पाळी आली तेव्हा बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मी जाते. लेकीला ही गोष्ट नीट माहीत नव्हती. तिने मला तिची सांगितली, मी तिला माझी. सुझान कॉलिन्स यांना ही कल्पना ग्रीक पुराणातल्या अशाच एका कथेवरून सुचली, हे मला पुढे कळलं. अथेन्समधून सात मुलगे आणि सात मुली एका राक्षसापुढे पाठवल्या जायच्या. त्या लहान मुलांच्या टीव्ही मालिका लिहीत. एका रात्री चॅनेल बदलताना एकीकडे रिअॅलिटी शो आणि दुसरीकडे युद्धाची दृश्यं दिसली आणि त्यांच्या डोक्यात दोन्ही एकात एक मिसळली. पहिलं पुस्तक २००८ साली आलं, दुसरं २००९ साली, तिसरं 'मॉकिंगजे' २०१० साली. पहिल्या दोन्हींवर निघालेले सिनेमे आपल्याकडच्या मुलांनीही पाहिले.

मुलांनी मुलांना मारायची गोष्ट आठवीतल्या मुलीने वाचावी का? हा प्रश्न मलाही पडला. तो तिकडच्या आईबापांनाही पडला होता. अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघटनेने २०१० आणि २०११ साली सर्वाधिक तक्रारी आलेल्या पुस्तकांच्या याद्या काढल्या, त्या दोन्हींत हे नाव आहे. पण मी स्वतःलाच विचारलं, आपण रात्री जेवताना ज्या मालिका आणि बातम्या लावतो, त्यात काय असतं? या पुस्तकात मारामारीची मजा नाही. ती बघत बसणाऱ्यांची लाज आहे. मी पुस्तक काढून घेतलं नाही, स्वतःच वाचायला घेतलं. दुपारी दोन ते चार, शेजारी लेकीची डिक्शनरी. रोज दहा-बारा पानं.

आणि हळूहळू मला कळलं की दुसराच भाग हाती आला हे बरं झालं.

कारण पहिला भाग जिंकण्याचा आहे. शेवटी कॅटनिस आणि तिच्याच जिल्ह्यातला पीटा दोघेच उरतात. एकाने दुसऱ्याला मारायचं, तर ती दोघं विषारी बोरं तोंडाशी नेतात. दोघंही मेली तर खेळाला विजेताच उरणार नाही, म्हणून राजधानी घाबरून दोघांनाही विजयी ठरवते. टाळ्या. आपल्या बहुतेक गोष्टी इथेच संपतात. दुसरा भाग सुरू होतो तो सहा महिन्यांनी. मोठं घर मिळालं आहे, धान्य आहे, पैसा आहे. आणि एके दिवशी राष्ट्राध्यक्ष स्नो थेट घरी येऊन बसतो. सांगतो, तुझ्या बोरांमुळे जिल्ह्यांत ठिणगी पडली आहे. आता विजययात्रेला जा आणि लोकांना पटवून दे की ते बंड नव्हतं, प्रेमात वेड्या झालेल्या मुलीचा आततायीपणा होता. नाहीतर तुझी माणसं...

मग ती यात्रा. जिल्ह्याजिल्ह्यात स्टेज, हार, भाषणं. बोलायचे शब्द आधीच लिहून दिलेले. समोर उभी असतात ती त्या खेळात मेलेल्या मुलांची घरची माणसं. अकराव्या जिल्ह्यात तिला तिची छोटी साथीदार रू आठवते आणि ती कागद सोडून मनातलं बोलते. गर्दीतला एक म्हातारा रूची शीळ घालतो, सगळी गर्दी तीन बोटं उंचावून तिला मान देते. आणि त्या म्हाताऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत गोळी घालतात.

इथे मी पुस्तक मिटलं. मला माझंच एक स्टेज आठवलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या महिला मंडळाबरोबर काम करते, तिथे एक बाई आली होती. तिचं नाव सांगत नाही. नवरा मारायचा, सासरचे बघत बसायचे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला २००५ साली आणि लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून, पण तो आपल्यासाठी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे नेलं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तो मिळवून दिला. तारखा पडत गेल्या, आम्ही आळीपाळीने तिच्याबरोबर गेलो. शेवटी आदेश झाला. तिला त्याच घरात राहायचा हक्क, मारहाणीला मनाई, दरमहा खर्चाला पैसे. आम्ही कोर्टाच्या बाहेर पेढे वाटले.

पुढच्या आठ मार्चला तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फोटो. मीच तिला माइकपुढे उभं केलं आणि म्हटलं, "तुझी कहाणी सांग, बाकीच्यांना बळ येईल." काय बोलायचं ते मीच आदल्या दिवशी वहीच्या पानावर लिहून दिलं होतं. ती बोलली. सभागृहातल्या बायका रडल्या. टाळ्या झाल्या. कार्यक्रम फार छान झाला असं सगळे म्हणाले, मीसुद्धा.

महिन्याभराने ती भेटली तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "ताई, रागावू नका. पण त्या दिवशी परत सगळ्यांसमोर मार खाल्ल्यासारखं वाटलं." आणि मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. नवऱ्याने मारणं थांबवलं होतं, पण नळाला कुलूप लावलं होतं. पैसे दोन महिने दिले, पुढे बंद. फोटो पाहून चाळीतल्या बायका बोलायच्या बंद झाल्या होत्या. "घराची अब्रू स्टेजवर नेली," असं सासू दारोदार सांगत होती. आदेश मिळाला त्या दिवशी आमच्यासाठी गोष्ट संपली होती. तिच्यासाठी त्या दिवशी दुसरा भाग सुरू झाला होता आणि त्यात ती एकटी होती.

खरं तर कायद्यात याचाही विचार आहे. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्यासाठी कोणीतरी पुन्हा तिच्याबरोबर जायला हवं, पुन्हा अर्ज करायला हवा. दुसऱ्या वेळी पेढे नसतात, फोटो नसतो. म्हणून बहुधा कोणी जातही नाही. आम्हीही आधी गेलो नव्हतो.

मी लेकीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आई, तू स्नो नाहीस. पण तू तिला कार्ड लिहून दिलंस." मुलं कधी कधी असं बोलतात की उत्तर सुचत नाही.

पुस्तकात पुढे तेच होतं. खेळाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून राजधानी खास नियम काढते. या वेळी मुलं निवडायची ती आधी जिंकलेल्यांतूनच! बाराव्या जिल्ह्यात जिंकलेली जिवंत बाई एकच, कॅटनिस. जी सुटली तिलाच परत आत ढकलायचं. या वेळचे खेळाडू सगळ्या वयांचे. त्यांत मॅग्ज नावाची ऐंशी वर्षांची आजी आहे. तिचं बोलणं नीट कळत नाही, चालवत नाही. एका घाबरलेल्या तरुण मुलीच्या जागी ती स्वतःहून आली आहे. विषारी धुक्यातून पळताना दोघांना उचलून नेणं जमत नाही असं दिसल्यावर ती काही न बोलता त्या धुक्यातच चालत जाते. लेकीला मॅग्ज सगळ्यात आवडली. मलाही. आजूबाजूला बघा, अशा आज्या प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचा सत्कार कोणी करत नाही.

अशीच एक आजी मला त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात भेटली. पहिला भाग मिळतो का बघायला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा दुकानदाराची आई खुर्चीत बसली होती. सहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर सिंधमधून आलेली. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली कल्याणची छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. 'कॅम्प' हा शब्द मात्र पत्त्यात राहून गेला, तो आजपर्यंत. आजी म्हणाल्या, "सब पूछते हैं, सिंध कैसे छोड़ा. उसके बाद क्या हुआ, वो कोई नहीं पूछता."

म्हणून मी विचारलं. एका बराकीत किती तरी कुटुंबं, मध्ये पोती आणि चादरी टांगून केलेल्या खोल्या. पाण्याची रांग. आई रात्रभर पापड लाटायची आणि सकाळी वडील ते लोकलमध्ये विकायचे. आईने सिंधमधल्या घराची किल्ली कितीतरी वर्षं कमरेला ठेवली होती. वीस मिनिटं त्या बोलत होत्या. लेक जमिनीवर बसून ऐकत होती. जीव वाचवून पलीकडे पोचलेल्या माणसांची गोष्ट आपण तिथेच संपवतो. त्यांचा दुसरा भाग त्या बाईने पापडाच्या पिठात काढला.

वाचनातली आणखी एक गोष्ट सांगते. पुस्तकातली ती तीन बोटांची खूण पुस्तकात राहिली नाही. थायलंडमध्ये २०१४ साली लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा निषेध म्हणून लोकांनी तीच तीन बोटं वर केली आणि सरकारने त्यांना पकडलं. म्यानमारमध्येही २०२१ साली लष्करी सत्तेविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर उतरली, तेव्हा ती बोटं दिसली. मुलांची पुस्तकं वाटतात तेवढी लहान नसतात.

रस्त्यावरच्या रागाचा अनुभव आमच्या भागालाही आहे. माझी नणंद बदलापूरला असते. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं आणि २० ऑगस्ट २०२४ला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. कित्येक तास गाड्या बंद होत्या. आमच्या अंबरनाथच्या बायका कल्याणला, मुंबईला अडकल्या होत्या, तरी त्या दिवशी गाडी उशिरा म्हणून कोणी कुरकुरलं नाही. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, शाळांतल्या मुलांच्या सुरक्षेचा विचार करायला समिती नेमली. पुढे सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. तेव्हा कोणी म्हणालं, संपलं एकदाचं.

खरंच संपलं? शालेय शिक्षण विभागाने २०२२ सालीच शाळांना 'सखी सावित्री समिती' स्थापन करायला सांगितलं आहे. मुलामुलींच्या सुरक्षेकडे लक्ष द्यायचं हे तिचं काम आणि त्यात पालकही असतात. त्या ऑगस्टनंतर आमच्या ओळखीच्या एका शाळेत पालकांची बैठक भरली, तेव्हा बसायला जागा नव्हती. पुढच्या वर्षी त्याच शाळेत त्याच विषयाची बैठक झाली, तेव्हा आम्ही सात जणी होतो. समितीची मागची बैठक कधी झाली, शौचालयाबाहेर बाई मदतनीस असते का, गाडीत कोण असतं, हे विचारायला सातच! रुळांवर उतरायला धैर्य लागतं, ते त्या दिवशी लोकांनी दाखवलं. पण दर तीन महिन्यांनी जाऊन तोच प्रश्न विचारायला चिकाटी लागते. दुसऱ्या भागाला तीच लागते.

कॅटनिसचं शेवटी काय होतं? ते मैदान घड्याळासारखं असतं, दर तासाला नवं संकट. ती बाण मारून त्याचं छतच फोडते. शुद्धीवर आल्यावर तिला कळतं की बाकीच्यांनी तिला वाचवायचा कट आधीच रचला होता, तिला बंडाचं चिन्ह करायचं ठरलं होतं. फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं. आणि ज्या घरासाठी तिने हे सगळं केलं, तो बारावा जिल्हा आता उरलेला नाही. पुस्तक तिथेच संपतं. राग आला मला. शत्रूने विचारलं नाही ते समजू शकते. पण आपल्याच माणसांनीही विचारू नये?

मग मी उठून माझ्या त्या बाईला फोन लावला. मधल्या काळात आम्ही दुसरा अर्ज केला होता, नळाचं कुलूप निघालं होतं, पैशांचं मात्र अजून रडतखडत चालू होतं. मी म्हटलं, "आठ मार्चचा कार्यक्रम ठरतो आहे. तुला काय हवं?" ती आधी घाबरली. "ताई, स्टेजवर नको हं." मी म्हटलं, "स्टेज नाही. तुला काय हवं, ते सांग." बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "रेशनकार्ड वेगळं करायचंय. तीनदा गेले, तीनदा परत पाठवलं. कोणी बरोबर आलं तर..."

त्या वर्षी आठ मार्चला आमच्या मंडळात सत्कार झाला नाही. त्याऐवजी आधीच्या पाच वर्षांत ज्यांच्या केसेस आम्ही 'जिंकल्या' होत्या, त्या सगळ्यांना आम्ही फोन केले. एकच प्रश्न, पुढे काय झालं? काही जणी छान होत्या. काहींचे नंबर बदलले होते. चार जणींच्या घरी पुन्हा जावं लागलं. फोटो एकही निघाला नाही, त्यामुळे कुठे छापूनही आलं नाही. रेशनकार्डाला मात्र चार खेपा पडल्या. पाचव्या खेपेला झालं.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीच्या हातात जाडजूड इंग्रजी पुस्तक दिसलं तर "अभ्यासाचं वाच" म्हणायच्या आधी एक मेथीची जुडी घेऊन बसा आणि "मला गोष्ट सांग" म्हणा. इंग्रजी अडलं तर अडू द्या, मुली आपल्याला शिकवायला फार उत्सुक असतात.

तिसरा भाग अजून मिळालेला नाही. लेकीने तो मैत्रिणीकडून आणून वाचून टाकला आहे आणि शेवट सांगायला टपून बसली आहे. मी कानावर हात ठेवते. पुढच्या आठवड्यात पुन्हा उल्हासनगरला जायचं आहे, आजींनी पापडाचं पीठ कसं भिजवायचं ते दाखवते म्हटलं आहे.